वाण की जमीन : फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांविषयी

माझ्या आत्येबहिणीला फुफ्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते, "पण तिने तर जन्मात कधी तंबाखूला हात लावला नाही!" पुढे तिच्या गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली आणि अहवालात 'ईजीएफआर, एक्झॉन १९, डिलीशन' असे छापून आले. भाच्याने तो कागद मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, जनुकात दोष आहे म्हणजे हे आनुवंशिक ना? माझ्या मुलींचीही तपासणी करून घ्यायची का?" मी डॉक्टर नाही. माझी सगळी नोकरी कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात गेली. तरीही या विषयावर लिहायला बसलो आहे, कारण आनुवंशिकता आणि परिस्थिती यांचा हा वाद संख्याशास्त्राच्याच अंगणात वाढलेला आहे.

आधी भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो. असा अहवाल हाती आलेली घरे आता पुष्कळ आहेत. तपासणी झाली ती गाठीच्या तुकड्याची, आईवडिलांकडून आलेल्या वारशाची नव्हे. ईजीएफआर हे जनुक आपणा सर्वांच्याच पेशींत असते आणि पेशीला वाढीचा निरोप पोचवणारे एक प्रथिन त्याच्यावरून तयार होते. आत्येबहिणीच्या फुफ्फुसातल्या एका पेशीत, तिच्या हयातीत कधीतरी, या जनुकाच्या 'एक्झॉन १९' नावाच्या भागातला एक छोटा तुकडा गळाला (डिलीशन म्हणजे हेच) आणि वाढीचा निरोप थांबेनासा झाला. तो बदल त्या पेशीच्या वंशात, म्हणजे गाठीत आहे. तो तिच्या बीजांडांत नव्हता, त्यामुळे मुलाला मिळाला नाही आणि नातींकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही. अपवाद आहे, पण फार विरळा. याच जनुकातला टी७९०एम नावाचा बदल जन्मतःच घेऊन आलेली काही कुटुंबे २००५ पासून नोंदली गेली आहेत, आणि कोणतेही औषध सुरू होण्यापूर्वीच गाठीत हा बदल आढळला तर डॉक्टर रक्ताचीही तपासणी सुचवतात. आत्येबहिणीच्या अहवालात तो नव्हता. उलट एक्झॉन १९ मधला तुकडा गळालेला असणे ही या आजारातली त्यातल्या त्यात बरी बातमी समजतात, कारण त्या बिघडलेल्या प्रथिनावरच नेमके काम करणाऱ्या गोळ्या आज मिळतात.

मात्र एवढ्याने नातेवाइकांचे समाधान होत नाही. वारसा नाही आणि तंबाखूही नाही, तर मग आले कुठून? हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये आपल्या फुफ्फुस-कर्करोगाच्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या एका पाहणीत ईजीएफआरमधला बदल सुमारे २३ टक्के रुग्णांत सापडला. फुफ्फुसाच्या ग्रंथिपेशींच्या कर्करोगात हे प्रमाण युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या रुग्णांत १० ते १५ टक्के, तर पूर्व आशियात ४० ते ५० टक्के असते. आपण मधोमध आहोत.

"आनुवंशिक की परिस्थितीमुळे?" हा प्रश्न ज्या स्वरूपात विचारला जातो, त्या स्वरूपात त्याला उत्तर नसते, ही गोष्ट शेतीच्या वर्गात मला कधी फार समजावून सांगावी लागली नाही. मालदांडी ज्वारी भारी काळ्या जमिनीत ओलाव्यावर तरारून येते आणि मुरमाड जमिनीत तेच वाण हलक्या जमिनीसाठी काढलेल्या वाणाच्या मागे पडते. एकरी उत्पन्नातले किती पोते वाणाचे आणि किती जमिनीचे, असे कोणी विचारले तर शेतकरी हसेल. दोन्हींचे परिणाम वेगवेगळे मोजून बेरीज करता येत नाही, कारण एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाबद्दल मला जे काही म्हणायचे आहे ते एवढेच, आणि त्याला आधार देणारा पुरावा गेल्या पाऊणशे वर्षांत चांगलाच भक्कम झाला आहे.

गंमत अशी, की वाण आणि जमीन यांचे परिणाम वेगळे काढण्याची जी पद्धत आपली कृषी विद्यापीठे आजही रोज वापरतात, ती ज्यांनी घडवली त्या रोनाल्ड फिशर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनीच या कर्करोगाच्या बाबतीत सगळा भार वाणावर टाकला. ती हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू झपाट्याने वाढू लागले होते. डॉक्टर रिचर्ड डॉल आणि संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांना प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा डॉल यांचा स्वतःचा संशय रस्त्यांवरच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर होता. १९५० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे दोघे निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या, दुसऱ्या आजारांच्या तेवढ्याच पुरुषांत असे २७ होते. आकडे जमत असतानाच डॉल यांनी स्वतः सिगारेट सोडली. पुढच्याच वर्षी या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रे पाठवून त्यांच्या सवयी नोंदवल्या आणि चाळीस हजार डॉक्टरांच्या मृत्यूंचा माग ठेवायला सुरुवात केली. तो माग पन्नास वर्षे चालला.

फिशर यांचा आक्षेप तर्कदृष्ट्या पोकळ नव्हता. दोन गोष्टी बरोबर आढळतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. एखादे जनुक माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही, अशी त्यांची मांडणी होती. १९५८ मध्ये त्यांनी जुळ्यांची आकडेवारी पुढे केली : एकसारख्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी साध्या जुळ्यांपेक्षा अधिक मिळत्याजुळत्या असतात, म्हणजे सवयीत आनुवंशिकतेचा हात आहे. इथपर्यंत ठीक. पण फिशर स्वतः पाइप ओढणारे होते, तंबाखू उद्योगाचे सल्लागारही होते, आणि ज्या काटेकोरपणाने त्यांनी इतरांचे प्रयोग तपासले तो त्यांनी स्वतःच्या या तर्काला लावला नाही. तो लावला जेरोम कॉर्नफील्ड या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने, १९५९ मध्ये. त्याचे म्हणणे साधे आणि बिनतोड होते. सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोग नऊपट असेल आणि तो फरक सर्वस्वी एका लपलेल्या जनुकामुळे असेल, तर ते जनुक सिगारेट ओढणाऱ्यांत, न ओढणाऱ्यांच्या निदान नऊपट प्रमाणात असले पाहिजे. असे जनुक कोणाला दाखवता आले नाही. पुढे फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्यांची अनेक वर्षे नोंद ठेवली गेली, आणि ज्या जोड्यांत एक ओढणारा व दुसरा न ओढणारा होता, त्यांत कर्करोग ओढणाऱ्यालाच गाठत असल्याचे दिसले. वाण तेच, जमीन वेगळी. याहून स्वच्छ प्रयोग माणसांवर करता येत नाही.

मात्र फिशर यांना पुरते निकालात काढणेही बरोबर नाही. २००८ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी जवळजवळ एकाच वेळी पंधराव्या गुणसूत्रावरची एक जागा शोधून काढली. तिथली जनुके निकोटिन ज्याला चिकटते त्या ग्राहकाचे भाग बनवतात. त्या जागी डीएनएच्या एका अक्षरात विशिष्ट बदल असलेला माणूस धूम्रपानाला लागला, तर तो सरासरीने दिवसाला साधारण एक सिगारेट जास्त ओढतो, त्याला व्यसन सोडणे जड जाते, आणि त्या बदलाच्या प्रत्येक प्रतीमागे त्याचा कर्करोगाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. सवय आणि कर्करोग या दोहोंना स्पर्श करणारे जनुक फिशर यांनी कल्पिले होते, आणि ते खरोखरच निघाले. परंतु ज्याने कधी सिगारेट शिलगावलीच नाही, त्याचा धोका या बदलाने वाढल्याचे दिसत नाही. शिवाय ३० टक्क्यांची वाढ आणि सिगारेटने होणारी पंधरा-वीसपट वाढ यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आकडा महत्त्वाचा असतो, केवळ 'संबंध आहे' एवढे सांगून भागत नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. त्याचे इतके ठसठशीत उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

धूर पेशीत नेमके काय करतो, तेही आता कळलेले आहे. तंबाखूच्या धुरातले बेन्झोपायरीन नावाचे रसायन शरीरात रूपांतरित होऊन पी५३ या राखणदार जनुकाच्या ठरावीक जागांवर जाऊन चिकटते, आणि ओढणाऱ्यांच्या गाठींत पी५३ नेमके त्याच जागांवर बिघडलेले असते. हे १९९६ मध्ये दाखवले गेले. दिवसाला एक पाकीट ओढणाऱ्याच्या फुफ्फुसातल्या प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी १५० बदल साचतात, असा २०१६ मधला हिशेब आहे. बिडीविषयी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. तिच्यात तंबाखू कमी असतो हे खरे, पण टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली बिडी झुरके थांबले की विझते, म्हणून ती जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तिच्यातून सिगारेटपेक्षा कमी येत नाहीत, उलट जास्तच येतात. नवऱ्याच्या धुराचे काय, हा प्रश्न १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी सोडवला : स्वतः न ओढणाऱ्या नव्वद हजारांहून अधिक बायकांच्या नोंदींतून, नवरा जितका जास्त ओढणारा तितका बायकोचा धोका अधिक, असे दिसले. घरातल्या परक्या धुराने धोका साधारण २० ते ३० टक्के वाढतो, हे आज सर्वमान्य आहे.

आता गुणाकाराकडे येतो, म्हणजे दोन कारणे एकत्र आली की धोका बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने कसा वाढतो त्याकडे. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणींतले कामगार फुफ्फुसाच्या एका गूढ आजाराने मरतात, हे सोळाव्या शतकापासून लोकांना ठाऊक होते. तो कर्करोग आहे आणि तिथल्या खाणकामगारांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश त्याने होतात, हे १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेस या दोन डॉक्टरांनी सांगितले. कारण होते खडकातल्या युरेनियमपासून निर्माण होणारा रेडॉन हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचे अर्धे अणू पावणेचार दिवसांत विघटित होतात आणि त्यांतून निघालेले पोलोनियमचे कण श्वासनलिकेच्या अस्तराला चिकटून तिथेच अल्फा किरण सोडतात. घरांत रेडॉन साठतो तो जमिनीतून, विशेषतः थंड देशांतल्या बंदिस्त तळघरांत. युरोपातल्या तेरा अभ्यासांची एकत्रित मांडणी २००५ मध्ये झाली. हवेत रेडॉन जवळपास नसेल, तर कधीच न ओढणाऱ्या माणसाचा पंचाहत्तरीपर्यंतचा धोका ०.४ टक्के, दर घनमीटरला ४०० बेकरेल (हे किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) असेल, तर ०.७ टक्के. सिगारेट ओढणाऱ्यासाठी हेच आकडे १० आणि १६ टक्के. रेडॉन तेवढाच, पण त्याने एकाच्या धोक्यात शेकडा ०.३ ची भर घातली आणि दुसऱ्याच्या धोक्यात शेकडा ६ ची. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या बसाल्टवर वसला आहे, त्यात युरेनियम ग्रॅनाइटच्या तुलनेत कमी असते आणि आपली घरेही बरीच उघडी-वाऱ्याची असतात, म्हणून रेडॉनच्या नावाने आपण झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

अ‍ॅस्बेस्टॉसचे तसे नाही. अमेरिकेत अ‍ॅस्बेस्टॉसचे आवरण घालणाऱ्या कामगारांचे जे आकडे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने धोका सुमारे पाचपट, नुसत्या धूम्रपानाने अकरापट आणि दोन्हींनी मिळून त्रेपन्नपट झालेला दिसतो. बेरीज केली तर हा आकडा कुठेच बसत नाही, गुणाकार केला तर जवळपास बसतो. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी बंद झाल्या, तरी पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात चालू राहिली आणि गावोगावच्या गोठ्यांवर, शाळांवर सिमेंटचे पत्रे चढत राहिले. छपरावर शाबूत असलेला पत्रा फारसा घातक नसतो. त्याला भोके पाडणे, तो कापणे, फोडून भरावात टाकणे हे घातक. आणि हे काम करणारा माणूस आजारी पडतो तो वीस-तीस-चाळीस वर्षांनी, जेव्हा कंत्राटदाराचे नावही कोणाला आठवत नाही.

हा उशीर किती असू शकतो, याचे चिली देशातले उदाहरण तर थक्क करणारे आहे. आन्तोफागास्ता शहराला १९५८ पासून नव्या नद्यांचे पाणी मिळू लागले आणि त्यातले आर्सेनिक लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले. १९७० च्या सुमारास शुद्धीकरण केंद्र बसवले गेले, पाणी स्वच्छ झाले, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यानंतर दशकानुदशके चढेच राहिले. पिण्याच्या पाण्यातून फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हेच मुळात बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते.

परंतु माझ्या आत्येबहिणीसारख्या बायकांचा विचार करताना मला सर्वांत जवळचे वाटते ते चीनच्या युन्नान प्रांतातले श्वानवेई. सत्तरच्या दशकात चीनने देशभर मृत्यूंची पाहणी केली, तेव्हा या डोंगराळ भागातल्या बायकांत फुफ्फुसाचा कर्करोग साऱ्या देशात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांइतका निघाला. पुरुष जवळजवळ सगळे ओढणारे, बायका जवळजवळ एकही नाही, आणि तरी दोघांचे मृत्युदर सारखेच. शेजारच्याच काही गावांत मात्र आजार तुरळक. फरक सापडला तो इंधनात. तिथे घराच्या मधोमध जमिनीत खड्डा करून त्यात दगडी कोळसा पेटवत. स्वयंपाक त्यावर आणि थंडीत शेकही त्याचाच. धूर बाहेर जायला वाट नाही. जिथे धूर ओकणारा कोळसा जळे तिथे कर्करोग, जिथे बिनधुराचा कोळसा किंवा लाकूड जळे तिथे जवळपास नाही. धुराच्या कोळशावर आयुष्य काढलेल्या बाईचा सत्तरीच्या आत फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका २० टक्के आणि बिनधुराचा कोळसा वापरणारीचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, असे पुढच्या एका विश्लेषणात दिसले.

मग त्या घरांत धुराडी बसवली गेली. एकवीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या नोंदी तपासून २००२ मध्ये जे प्रसिद्ध झाले त्यानुसार, धुराडे बसवलेल्या घरांत धोका पुरुषांत ४१ आणि बायकांत ४६ टक्क्यांनी उतरला. मात्र हा उतार दिसायला दहा वर्षे जावी लागली. आणि आता वाणाची गोष्ट. धुरातली विषारी रसायने निकामी करणारे एक विकर जीएसटीएम१ या जनुकावरून बनते. पुष्कळ माणसांत हे जनुक जन्मतःच नसते आणि त्यांचे त्यावाचून काही अडत नाही. श्वानवेईत मात्र ज्यांच्यात ते नव्हते त्यांचा धोका दुपटीहून थोडा अधिक आढळला. जनुक नसणे हा दोष म्हणावा, तर स्वच्छ हवेत तो दोषच नाही. आणि धूर हेच कारण म्हणावे, तर एकाच चुलीपाशी बसलेल्या दोन जावांचा धोका सारखा नाही.

आमच्या आजोळच्या स्वयंपाकघरात धुराडे नव्हते. चुलीच्या वैलावर आमटी रटरटत असे, फुंकणीने फुंकून डोळे लाल झालेल्या बायका पदराने ते पुसत, आणि वरच्या वाशांवर काजळीचा इतका चिकट थर असे की बोट लावले तर डांबरासारखे ओढले जाई. आत्येबहीण त्याच चुलीपाशी भाकरी थापायला शिकली. म्हणून तिच्या आजाराचे कारण सापडले, असे मी म्हणणार नाही. श्वानवेईत जळत होता तो दगडी कोळसा; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरातल्या कोळशाच्या धुराला निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे, आणि लाकडाच्या धुराला त्याच्या एक पायरी खाली, बहुधा कर्करोगकारक या वर्गात ठेवले आहे. आपल्याकडे श्वानवेईची आठवण अधिक काढायला हवी ती चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यातल्या सिगड्यांपाशी. तरीही चुलीच्या धुराला साधा धूर म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

घराबाहेरच्या हवेबद्दल संशोधन बरेच पुढे गेले आहे. डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि एकूणच बाहेरची प्रदूषित हवा २०१३ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत गेली. पण ही हवा नेमके करते काय? लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या चार्ल्स स्वान्टन यांच्या गटाने २०२३ मध्ये जे दाखवले, त्याने माझ्या मनातले चित्र बदलले. त्यांनी फुफ्फुसाच्या निरोगी भागाचे २९५ नमुने तपासले. कर्करोगाशी जोडलेला ईजीएफआरचा बदल त्यांपैकी १८ टक्क्यांत आणि केआरएएस या दुसऱ्या जनुकाचा बदल ५३ टक्क्यांत, तुरळक पेशींमध्ये का होईना, हजर होता. म्हणजे वयाबरोबर असे बदल आपल्यापैकी अनेकांच्या फुफ्फुसांत होतच असतात आणि त्या पेशी बहुतेक वेळा निपचित पडून राहतात. पीएम २.५ म्हणून ओळखले जाणारे सूक्ष्म धूलिकण आत गेले की फुफ्फुसातल्या भक्षक पेशी चवताळून दाह निर्माण करणारे इंटरल्युकिन-१ बीटा सोडतात, आणि त्या दाहात ही निपचित पेशी जागी होऊन वाढू लागते. उंदरांमध्ये तो दाहाचा रेणू अडवला, तेव्हा गाठी रोखता आल्या. याच रेणूला अडवणारे एक औषध हृदयविकारासाठी दहा हजार रुग्णांवर तपासले गेले होते आणि तेव्हाही, कोणाची तशी अपेक्षा नसताना, औषध घेणाऱ्यांत फुफ्फुसाचे कर्करोग कमी निघाले होते. याउलट, कधीच न ओढलेल्या ८७१ रुग्णांच्या गाठींचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की प्रदूषित भागातल्या रुग्णांच्या गाठींत जनुकीय बदलही जास्त असतात आणि त्यांत तंबाखूच्या धुरासारख्या खुणाही दिसतात. हवा निपचित पेशीला उठवतेही आणि नवे बदल घडवतेही, असे मी यावरून समजतो. जागतिक आरोग्य संघटनेने पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सांगितली आहे. आपल्या देशाची ४० आहे.

आता घराण्याविषयी. आईवडील किंवा सख्खे भावंड यांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर आपला धोका साधारण दीडपट ते दुप्पट धरतात. यात जनुके किती, हे सांगणे अवघड आहे, कारण कुटुंब जनुकांबरोबर स्वयंपाकघर, गल्ली आणि बापाच्या बिडीचा धूरही वाटून घेते. उत्तर युरोपातल्या जुळ्यांच्या २०१६ मधल्या मोठ्या अभ्यासात फुफ्फुसाच्या कर्करोगाची आनुवंशिकता १८ टक्के निघाली. वर्तमानपत्री वाचन असे होते, की शंभरातल्या अठरा रुग्णांना तो वारशाने झाला. तसे नाही. त्या समाजात, त्या काळच्या परिस्थितीत, माणसामाणसांच्या धोक्यांत जो फरक आहे त्यातला तेवढा हिस्सा जनुकांच्या फरकाशी जुळतो, इतकाच त्याचा अर्थ. उद्या सगळ्यांनीच धूम्रपान सोडले आणि हवा स्वच्छ झाली, तर हा टक्का वाढेल आणि रुग्ण मात्र कमी होतील.

जाता जाता, जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी फुफ्फुसे राखता येतील असे मानणाऱ्यांसाठी : फिनलंडमधल्या एकोणतीस हजार धूम्रपान करणाऱ्यांवर बीटा कॅरोटीनची, म्हणजे शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व बनते त्या पदार्थाची, चाचणी झाली आणि १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा, गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

लवकर निदानाचा मार्ग आहे, पण तोही सरळ नाही. अमेरिकेतल्या २०११ च्या चाचणीत, अनेक वर्षे भरपूर धूम्रपान केलेल्यांची दरवर्षी कमी मात्रेच्या किरणांनी सीटी तपासणी केली असता फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. तैवानने त्यापुढे जाऊन कधीच न ओढणाऱ्या, पण घरात हा आजार असलेल्या किंवा तशाच दुसऱ्या कारणाने धोका असलेल्या बारा हजार लोकांची तपासणी केली, त्यांपैकी २.६ टक्क्यांत कर्करोग सापडला, आणि २०२२ पासून तिथल्या सरकारी कार्यक्रमात कौटुंबिक इतिहास हा स्वतंत्र निकष आहे. आपल्याकडे क्षयरोगाने मागे ठेवलेले व्रण आणि गाठी इतक्या फुफ्फुसांत असतात की सीटीवर दिसलेल्या ठिपक्याचा अर्थ लावणे अवघड जाते. शिवाय जुना क्षयरोग हा स्वतःच कर्करोगाचा धोका थोडा वाढवतो, आणि खोकला व एक्स-रेतली सावली पाहून आधी महिनोन्‌महिने क्षयाचे उपचार चालू राहिलेले रुग्णही थोडे नाहीत.

म्हणूनच माझा आग्रह आहे तो केसपेपरवरच्या प्रश्नांचा. आत्येबहिणीच्या कागदावर 'व्यसन : नाही' एवढी एकच नोंद होती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के आणि तंबाखू-मिश्री-गुटखा वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे ओढण्याबद्दलच्या प्रश्नाला इथले पुष्कळ रुग्ण 'नाही' म्हणणार हे ठरलेलेच. चूल किती वर्षे आणि कशावर पेटवली, धुराडे होते का, घरात कोण ओढत असे, कामाचे ठिकाण कोणते, पत्रे कापले का, दगड फोडला का, क्षय झाला होता का, सख्ख्या नात्यात कोणाला हा आजार होता का, हे विचारायला पाच मिनिटे पुरतात. मुंबईत कर्करोगाची नोंदवही १९६३ पासून आणि बार्शीत, देशातली पहिली ग्रामीण नोंदवही म्हणून, १९८७ पासून चालू आहे; नोंद ठेवण्याची शिस्त आपल्याकडे नाही असे कोणी म्हणू शकत नाही. वर लिहिलेले बहुतेक आकडे लंडन, श्वानवेई आणि फिनलंडचे आहेत, कारण तिथे कोणीतरी हे प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवली. मिरज, लातूर किंवा नागपूरच्या रुग्णालयांतल्या कागदांवर हीच उत्तरे दहा वर्षे साठली, तर सीटी तपासणी कोणाची करायची हे ठरवायला तैवानचे निकष उसने घ्यावे लागणार नाहीत.